इटालियनमधून हिब्रूत कला-हस्तकलेचा अनुवाद : नेमका माणूस शोधायचा कुठे?

मधुमालती
नमस्कार मंडळी,
मी अनुवादाची कामं जुळवून देते. स्वतः अनुवाद करत नाही, करणारी माणसं शोधते आणि मग मुदतीच्या मागे धावते. आजवर फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन अशी जोडगोळी असायची, त्यामुळे माणसं मिळत गेली. आता एका इटालियन प्रदर्शनाच्या कॅटलॉगची हिब्रू आवृत्ती करायची आहे. त्यात माजोलिका म्हणजे झिलईदार रंगीत मातीकाम, लेसकाम, थोडी छापचित्रं आणि शेवटी इटलीतल्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांतल्या वस्तूंचं एक प्रकरण आहे.

अनुवादकांच्या सूच्या चाळल्या. इटालियन-हिब्रू ही जोडी लावली की मुळात नावं कमी, आणि जी आहेत त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने विशेष क्षेत्रात ‘कला’ निवडलंय. शेजारी वैद्यक, कायदा, पर्यटन आणि पाककृतीसुद्धा. यातून खरा जाणकार कसा ओळखायचा? की असा माणूस नसतोच आणि मी उगाच शोधतेय?

मला दोन्ही भाषा येत नाहीत, त्यामुळे आलेला अनुवाद वाचून मत देणं शक्य नाही. अनुभव असेल त्यांनी लिहा, नसेल त्यांनीही लिहा.

वाटाड्या
‘नसेल त्यांनीही लिहा’ हे इथे वेगळं सांगावं लागत नाही, ताई. :)

आडकित्ता
गूगलला विचारा. दोन सेकंदांत हिब्रू हजर.

मधुमालती
@आडकित्ता, हजर होईल, पण ते बरोबर आहे हे कोण सांगणार? तुम्ही?

आडकित्ता
मी उजवीकडून डावीकडे फक्त पैसे मोजतो. माघार.

काटेकोर
मी इटालियनमधून अनुवाद करतो (हिब्रूत नाही), म्हणून निम्म्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सूचीतल्या ‘विशेष क्षेत्र’ या रकान्यावर विसंबू नका. प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी तो रकाना अनुवादक स्वतः भरतो आणि तिथे कला, हस्तकला, चित्रकला हे सगळं मिळून एकच क्षेत्र आहे. म्हणजे समकालीन कलेवरचे निबंध करणारा आणि चरखा दुरुस्तीचं माहितीपत्रक करणारा एकाच रांगेत. त्याऐवजी त्या माणसाने तिथल्या शब्दचर्चेत कोणकोणत्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत ते बघा. अडलेला शब्द विचारायचा आणि इतरांनी सुचवायचा, अशी तिथली पद्धत आहे, आणि जुनी उत्तरं उघडी असतात. भट्टी, झिलई, विणकाम, जीर्णोद्धार यांवर कुणी तपशिलात भांडलेला दिसला तर तो आपला माणूस. भांडणातून कळतं, प्रोफाइलमधून नाही.

दुसरी जागा म्हणजे व्यावसायिक संघटना. इटलीत अनुवादक-दुभाष्यांची एआयटीआय १९५० पासून आहे, इस्रायलमध्ये इस्रायली अनुवादक संघटना आहे. दोघांच्याही सदस्यसूच्या भाषेनुसार शोधता येतात. माझा सल्ला, सुरुवात इस्रायलच्या बाजूने करा. व्यावसायिक अनुवादक शक्यतो आपल्या मातृभाषेत अनुवाद करतो, तेव्हा तुम्हाला इटालियन येणारा हिब्रूभाषक हवाय, हिब्रू शिकलेला इटालियन नव्हे.

टिंबटिंब
एक सरळ उपाय कुणीच कसा सांगितला नाही? इटालियन ते इंग्रजी करून घ्या, मग इंग्रजी ते हिब्रू. दोन्ही जोड्यांत कलेचे अनुवादक ढिगाने मिळतात, संग्रहालयांची कामं केलेलेही. दर स्पर्धेमुळे आटोक्यात. शिवाय इंग्रजी मसुदा मधुमालतींना वाचता येईल, म्हणजे निदान एका टप्प्यावर त्यांचं नियंत्रण राहील. दुर्मिळ जोडीत एकाच माणसावर अवलंबून राहणं हा धोका आहे. तो आजारी पडला की कॅटलॉग आजारी.

रेवा_कुंभार
आडनाव नाही, धंदा आहे. मी मातीकाम करते आणि काही काळ इटलीत शिकले, म्हणून टिंबटिंब यांच्या उपायाला विरोध नोंदवते.

माजोलिकाची कृती अशी : भांडं एकदा भाजायचं. मग कथिलाच्या ऑक्साइडमुळे पांढरी, अपारदर्शक होणारी झिलई चढवायची. ती कच्ची असतानाच तिच्यावर रंगवायचं आणि परत भट्टीत घालायचं. देरूता, गुब्बिओसारख्या गावांत धातूची चमक आणायला तिसरी भाजणीही देत. या पांढऱ्या झिलईला इटालियनमध्ये ‘स्माल्तो’ म्हणतात. धातूवरच्या मीनाकारीलाही ‘स्माल्तो’, मोझेइकच्या काचेच्या तुकड्यालाही तेच, आणि नखांच्या पॉलिशलाही तेच. इंग्रजीतून जाताना मधला माणूस घाईत असेल तर ‘इनॅमल’ लिहून मोकळा होतो. पुढच्या हिब्रू अनुवादकासमोर फक्त इनॅमल उरतं, मूळ वाक्य नसतं. तो निष्ठेने ‘एमाइल’ लिहितो, जो मीनाकारीचा शब्द आहे, आणि मातीच्या थाळीवर धातूचं काम चढतं. हवं होतं ‘ग्लाझूरा’.

याहून वाईट शब्द ‘वेत्रीना’. मातीकामात ही पारदर्शक, शिशाची झिलई. संग्रहालयात हे वस्तू ठेवायचं काचेचं कपाट. तुमच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊ शकतात. ‘थाळी वेत्रीना चारमध्ये आहे’ आणि ‘थाळीवर वेत्रीना आहे’. ज्याने कधी भांडं भाजलेलं पाहिलं नाही तो थाळीवर कपाट ठेवेल.

दुर्मिळ जोडीचा धोका मान्य. पण गळती दोन सांध्यांतून होण्यापेक्षा एकातून झालेली बरी.

आडकित्ता
लेसला इटालियनमध्ये ‘पित्सो’ म्हणतात ना? सिसिलीत माफिया दुकानदारांकडून जो हप्ता घेतो त्यालाही पित्सोच. यंत्राला विचारून बघा कधी, ‘आजीने हाताने विणलेला हप्ता’ मिळेल.

वाटाड्या
हसून हसून पुरेवाट. लेसवाल्या बुरानो बेटाच्या आज्या एकदम डॉन.

रेवा_कुंभार
बुरानोवरून आठवलं. कॅटलॉगमध्ये लेससाठी बहुधा ‘मेर्लेत्तो’ असेल, तो हप्त्यापासून सुरक्षित शब्द आहे. पण सुईची लेस आणि उशीवर फिरक्यांनी विणलेली लेस हे दोन वेगळे हात आहेत. बुरानो सुईसाठी प्रसिद्ध, तिथे १८७२ ते १९७० लेसची शाळाच होती. अनुवादकाला हा फरक माहीत आहे का, हे एका ओळीच्या ईमेलमध्ये विचारून कळतं.

निनाद_क
बाळबोध प्रश्न. इस्रायलमध्ये मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आहेतच की. त्यांच्यापैकी कुणी मदत करणार नाही का?

हैफाची_काकू
हाक मारलीत, आले. मी बेने इस्रायल, लहान असताना आईवडिलांबरोबर इथे आले. निनाद, आमच्यातल्या जुन्या लोकांना मराठी आणि हिब्रू येतं, इटालियन नाही. पण मी इथल्या एका प्रकाशनात बरीच वर्षं हिब्रू मुद्रितशोधन केलं, तर हिब्रूच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, हस्तकलेच्या बाबतीत हिब्रू गरीब भाषा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. नवी भाषा, शब्द कुठून आणणार, असं. उलट आहे. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, शब्बाथला (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी) निषिद्ध असलेल्या ३९ कामांची यादी आहे. तिच्यात लोकर कातरणं, पिंजणं, रंगवणं, सूत काढणं, ताणा लावणं, विणणं, कातडं कमावणं अशी कामं ओळीने येतात. म्हणजे विणकाम आणि चामड्याला जुने, नेमके शब्द तयार आहेत. कुंभाराच्या चाकाचा शब्द तर बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात आहे, आजही तोच चालतो. मोझेइक, काच, मातीची भांडी यांना पुरातत्त्वामुळे इथे रोजच्या वापरातली भाषा आहे. अडचण येते ती तैलचित्र, सोन्याचा वर्ख, भित्तिचित्राचे थर असल्या युरोपीय कार्यशाळेतल्या गोष्टींची. तिथे एकतर परका शब्द तसाच उचलतात, नाहीतर हिब्रू भाषा अकादमीने घडवलेला शब्द असतो जो कारागीर स्वतः वापरत नाही. चांगला अनुवादक कोणता कुठे ते जाणतो. सरसकट अकादमीचा शब्द टाकणारा माणूस शब्दकोशातून काम करतोय समजा.

दुसरं, तुम्हाला हिब्रू येत नाही तरी करता येईल अशी एक परीक्षा. हिब्रूत कला म्हणजे ‘ओमानूत’ आणि कसब, कारागिरी म्हणजे ‘उमानूत’. स्वरचिन्हं न देता लिहिताना फरक फक्त ‘वाव’ या एका अक्षराचा. रूढ लेखनात कारागिरीत तो असतो, कलेत नसतो. अकादमीच्या नव्या नियमांनी कलेच्या शब्दातही वाव येऊ शकतो, त्यामुळे शिकलेली माणसंसुद्धा तो घालतात. नमुना अनुवादात ‘कला’ आणि ‘कारागिरी’ दोन्ही येतील असा उतारा द्या आणि दोन शब्द वेगळे दिसतात का ते डोळ्यांनी बघा, दिसत नसतील तर कारण विचारा. वाव म्हणजे एक उभी काडी.

तिसरं, अनुवादकाला विचारा की हिब्रू शब्द कुठे ताडून बघणार. उत्तरात संग्रहालयं यायला हवीत. तेल अवीवच्या एरेत्स इस्रायल संग्रहालयात काचेचं आणि मातीकामाचं स्वतंत्र दालन आहे, यरुशलेमच्या इस्रायल म्युझियमची वस्तुवर्णनं हिब्रूत वाचता येतात. तुमच्या शेवटच्या प्रकरणासाठी तर यरुशलेममध्ये इटालियन ज्यू कलेचं वेगळं संग्रहालयच आहे. कोनेल्यानो वेनेतो या गावातल्या सिनेगॉगचा अख्खा अंतर्भाग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आणून उभा केला, तो तिथेच आहे. असल्या वस्तूंबद्दल इटालियन आणि हिब्रू दोन्हीत बोलणारी माणसं तिथे सापडतील.

मधुमालती
काकू, दंडवत. काडीची परीक्षा मला जमेल!

बखरकार
काकूंच्या प्रतिसादावरून अवांतर. इटली आणि हिब्रू यांचं नातं आजचं नाही. हिब्रू बायबलची पहिली संपूर्ण छापील आवृत्ती १४८८ साली इटलीतल्या सोन्चिनोत निघाली, आणि बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाची पहिली पूर्ण छपाई १५२० नंतर व्हेनिसमध्ये दानियल बोम्बर्गने केली. तो स्वतः ज्यू नव्हता.

आणि माझा लाडका किस्सा : व्हेनिसचा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लिओन मोदेना. १५८४ साली, तेरा वर्षांचा असताना, गुरू वारले म्हणून त्याने एक शोकगीत लिहिलं, जे हिब्रू म्हणून वाचलं तरी अर्थ लागतो आणि इटालियन म्हणून वाचलं तरी लागतो. ध्वनी तेच. हिब्रूत ‘कीना श्मोर’, म्हणजे ‘हा विलाप जपून ठेव’. इटालियनमध्ये ‘की नाशे मुओर’, म्हणजे ‘जो जन्मतो तो मरतो’. मधुमालतींना असा कुणी मिळाला तर अनुवाद करायलाच नको, एकदाच लिहून घ्यायचं.

आडकित्ता
आणि मानधन दोन्ही भाषांचं मागेल तो.

खडूस_संपादक
सगळे अनुवादकाच्या मागे लागलेत. मी पान लावणाऱ्यांची व्यथा मांडतो, कारण अर्धे घोटाळे तिथे होतात आणि दोष अनुवादकाच्या माथी जातो.

हिब्रू उजवीकडून डावीकडे. म्हणजे पुस्तकाची बांधणी उजवीकडे येते, पानांचा क्रम उलटतो आणि मांडणी आरशात पाहिल्यासारखी होते. इटालियन मथळ्यात ‘डावीकडे : गुब्बिओची थाळी’ असेल तर नव्या पानावर ती थाळी उजवीकडे गेलेली असते. अनुवादकाने ‘डावीकडे’ असंच बरोबर भाषांतर केलं आणि पुस्तक चुकलं! दुसऱ्या टोकाला, एका मांडणीकाराने पानाबरोबर छायाचित्रंही उलटी केल्याचं मी पाहिलंय. भांड्यावरची लॅटिन अक्षरं आरशातली दिसेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कृतीची चित्रं असतील (लेसचे टप्पे वगैरे) तर क्रम उजवीकडून लावायचा, पण हात कुठला कुठे आहे ते बदलायचं नाही.

मग आकडे. हिब्रू ओळीतही आकडा डावीकडूनच वाचतात. ‘१५२०–१५२३’ मध्ये लांब आडवी रेघ घातली तर संगणक दोन्ही वर्षांची अदलाबदल करून दाखवू शकतो, साधी छोटी जोडरेघ घातली तर बहुधा नाही. लांबी गुणिले रुंदीचंही तेच, गुणाकाराच्या चिन्हाभोवती आकडे जागा बदलतात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूखाली मापं असतात, तेव्हा विचार करा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये हिब्रूसाठी वेगळा परिच्छेद-कंपोझर निवडावा लागतो हेही ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडे फाइल देऊ नका.

म्हणून करारातच लिहा : मांडणी झाल्यावर अनुवादक पानं बघणार, आणि त्याचे वेगळे पैसे मिळणार.

वाटाड्या
वाचनखूण साठवली. मला या जोडीचं काम येण्याची शक्यता शून्य आहे, तरी.

टिंबटिंब
रेवाताईंचं स्माल्तो पटलं. पण ज्यांना थेट जोडीचा कुणीच मिळत नाही त्यांनी काय करायचं? काटेकोर म्हणतात मातृभाषा हिब्रूच हवी. इस्रायलमध्ये स्थायिक झालेली इटालियन माणसं आहेत की, त्यांना का वगळायचं? मातीकामाचं इटालियन त्यांना जास्त कळेल.

काटेकोर
वगळा म्हणत नाही. त्यांना मूळ समजून घेण्यासाठी ठेवा, अंतिम हिब्रू त्यांच्या हातून नको. वाचणारा पहिल्या परिच्छेदात ओळखतो की हे बाहेरच्याने लिहिलंय. अनुवादसेवेचं आयएसओ १७१०० हे मानक आहे, त्यातही दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून तपासणं बंधनकारक आहे. तिथे तुमचा इटालियन माणूस चपखल बसतो.

आणि आडकित्तांच्या यंत्राबद्दल गंभीरपणे एक. अशा कमी वापराच्या जोड्यांत यंत्र पुष्कळदा आतल्या आत इंग्रजीवरूनच फिरून येतं. इटालियनमध्ये ‘स्कुल्त्रीचे’ म्हणजे शिल्पकार बाई. इंग्रजीत गेल्यावर ती नुसती शिल्पकार होते, आणि हिब्रूत क्रियापदालाही लिंग लागत असल्यामुळे बाहेर पडताना पुरुष होऊन बसते. ‘आर्तिस्ता’ तर इटालियनमध्येच दोघांना चालतो. समकालीन कलाकारांची यादी असेल तर बाई की पुरुष हे मूळ संस्थेकडून लिहून घ्या, अनुवादकाला तर्क करायला लावू नका.

बखरकार
यात माझी भर, दोन सापळे. नमुना उताऱ्यात मुद्दाम पेरा.

एक : ‘क्वात्रोचेंतो’. शब्दशः चारशे. अर्थ १४००ची वर्षं, म्हणजे पंधरावं शतक. नवखा माणूस चौदावं लिहितो. तुम्हाला हिब्रू न येताही तपासता येतं, कारण हिब्रूत शतकाचा आकडा बहुधा अंकातच लिहितात.

दोन : स्तोत्रांचे क्रमांक. जुन्या कॅथलिक ग्रंथांत लॅटिन बायबलचे क्रमांक येतात आणि ते मधल्या बऱ्याच स्तोत्रांसाठी हिब्रू बायबलपेक्षा एकाने मागे असतात. इटालियन लेखात ‘मिझेरेरे, स्तोत्र ५०’ असेल तर हिब्रू वाचकासाठी ते ५१. जशास तसा आकडा उतरवला तर वाचक बायबल उघडून भलतंच स्तोत्र वाचेल, आणि हा वाचक नक्की उघडून बघणारा आहे.

शिवाय ख्रिस्ती चित्रविषय आहेतच. संत जेरोम इटालियनमध्ये जिरोलामो, हिब्रूत हिएरोनिमुस. बाप्तिस्मा करणारा योहान हिब्रूत योखानान. कला येते पण ख्रिस्ती संत येत नाहीत, असा हिब्रू अनुवादक असू शकतो. त्याला विचारून घ्या.

हैफाची_काकू
बखरकार, खरं आहे. आणि उलट बाजू मधुमालतींच्या शेवटच्या प्रकरणात येईल. इटालियन लेखक सिनेगॉगच्या वस्तूंची हिब्रू नावं आपल्या लिपीत, आपल्या उच्चाराने लिहितात. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचा मुकुट, तिचं वस्त्र, ती ठेवायच्या कपाटापुढचा पडदा, सगळी नावं मुळात हिब्रूच. अनुवादकाला ती नव्याने घडवायची नाहीत, मूळ हिब्रूत परत न्यायची आहेत. वस्तूवर कोरलेला मजकूर असेल तर तो इटालियनवरून हिब्रूत करायचाच नाही, वस्तूचा स्पष्ट फोटो मागवून त्यावरून उतरवायचा. कोरलेलं वर्ष बहुतेकदा अक्षरांत आणि हिब्रू पंचांगाचं असतं. हे प्रकरण कलेच्या अनुवादकाला देऊच नका, ज्युडाइका, म्हणजे ज्यू धर्मवस्तू जाणणाऱ्याला वेगळं द्या.

मधुमालती
काकू, म्हणजे एका कॅटलॉगला दोन अनुवादक?

हैफाची_काकू
दोन अनुवादक, पण संपादक एकच. नाहीतर पहिल्या पानावरचं गाव शेवटच्या पानावर वेगळ्या स्पेलिंगने येईल. इटालियन नावं हिब्रूत लिहिण्याचे दोन-दोन प्रकार रूढ असतात. तित्सियानोला हिब्रूत सगळे ‘तित्सियान’ म्हणतात, मिकेलांजेलोच्या मधे आमच्याकडे ‘ख’ आहे. नावांची यादी काम सुरू होण्याआधी ठरवा.

पैशांचं_बोला
दर कसा ठरवायचा यावर कुणी बोललं नाही, म्हणून सदस्यनामाला जागतो. इथे मोजायची एककंच वेगळी आहेत. इटलीत ‘कार्तेल्ला’ नावाचं पान चालतं. व्यावसायिक कामात ते बहुधा १५०० अक्षरांचं धरतात, रिकाम्या जागा धरून. प्रकाशनात १८०० किंवा २००० पण ऐकाल. इस्रायलच्या पुस्तकव्यवसायात ‘गिल्योन द्फूस’ म्हणजे छपाईचा ताव, २४,००० अक्षरांचा. दोन्ही बाजू ‘पानामागे’ म्हणतात आणि दोघांच्या मनातलं पान वेगळं.

त्यात हिब्रू लिहिताना बहुतेक स्वर लिहीत नाहीत, ‘मधे’, ‘आणि’, ‘ला’ यांसारखे शब्द पुढच्या शब्दाला चिकटतात. मजकूर आकसतो. मूळ इटालियन मोजायचं की तयार हिब्रू, यावर रक्कम बरीच बदलते. पहिल्याच पत्रात लिहा : मोजणी मूळ मजकुरावर, अक्षरांत, रिकाम्या जागांसह. नमुना उताऱ्याचेही पैसे द्या. फुकट चाचणी मागितली की ज्याच्याकडे काम आहे तो गप्प बसतो आणि ज्याच्याकडे नाही तो लगेच पाठवतो.

काटेकोर
शेवटच्या वाक्याला +१००.

बखरकार
प्रकाशक इस्रायली असेल तर आणखी एक दार. इटालियन पुस्तकांच्या परदेशी अनुवादासाठी इटलीचं परराष्ट्र मंत्रालय प्रकाशकांना अर्थसाहाय्य देतं. तेल अवीवच्या इटालियन सांस्कृतिक संस्थेला विचारायला सांगा. पैसे मिळोत न मिळोत, इटालियनमधून हिब्रूत कोण लिहितं हे तिथल्या लोकांना तोंडपाठ असणार.

सुमेधा_वकील
मला अर्धवट संबंधित शंका. माझ्या अशिलाच्या नात्यात इटलीतून इस्रायलला एक जुनं चित्र न्यायचंय. कागदपत्रांसाठी असाच कला-अनुवादक लागेल का?

पैशांचं_बोला
नाही, तिथे कायद्याचा अनुवादक. इटलीत ७० वर्षांहून जुनं आणि कलाकार हयात नसलेलं काम देशाबाहेर न्यायचं तर किंमत १३,५०० युरोंच्या वर असल्यास साधारणपणे मुक्त संचाराचं प्रमाणपत्र लागतं. त्याखाली असेल तरी जाहीर करावं लागतं. इस्रायलमध्ये अनुवाद नोटरी प्रमाणित करतो, पण त्याला स्वतःला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. नसतील येत तर अनुवादकाचं प्रतिज्ञापन घेतात. या कागदांत झिलई कशी आहे ते कुणी बघत नाही, शिक्के बघतात. तपशील तिथल्या वकिलाकडून पक्के करा.

सुमेधा_वकील
धन्यवाद. वेगळा धागा काढते.

रेवा_कुंभार
मूळ प्रश्नाकडे येते, इतक्या गर्दीत एक वाट राहून गेली. अनुवादकांच्या सूचीत कारागीर शोधण्याऐवजी कारागिरांत भाषा येणारा शोधा. जीर्णोद्धार शिकायला जगभरातून लोक इटलीत जातात. फ्लॉरेन्सचं ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे १५८८ साली मेदिची घराण्याने रत्नशिल्पाची कार्यशाळा म्हणून काढलं, आज ते जीर्णोद्धाराचं मोठं केंद्र आहे. मोझेइकसाठी स्पिलिम्बेर्गोची शाळा १९२२ पासून आहे. इस्रायलमध्ये जुन्या मोझेइकांना तोटा नाही, तेव्हा तिथून असं शिकायला गेलेलं कुणी ना कुणी असणारच. असा माणूस अनुवाद करणार नाही, पण शब्दसूची तपासून देईल. बेत्सालेल किंवा शेंकारसारख्या इस्रायली कला-डिझाइन शाळांच्या मातीकाम, कापड विभागांत विचारा. भाषेतलं देखणेपण अनुवादक बघेल, हा फक्त एवढंच सांगेल की ‘असं कुणी म्हणत नाही’.

टिंबटिंब
म्हणजे अनुवादक, ज्युडाइकावाला, संपादक, कुंभार आणि मांडणीकार. माझ्या इंग्रजीमार्गे योजनेत दोनच माणसं होती.

खडूस_संपादक
आणि थाळीवर कपाट होतं.

मधुमालती
मंडळी, मधे गायब होते कारण धाग्याचा गृहपाठ करत होते.

नमुना उतारा मूळ मजकुरातूनच निवडला : क्वात्रोचेंतो आहे, वेत्रीना दोन्ही अर्थांनी आहे, कला आणि कारागिरी एका वाक्यात आहेत. पैसे देऊन काही जणांकडून करून घेतला. एका अनुभवी नावाने चौदावं शतक लिहिलं. एकीने अनुवाद पाठवण्याआधी उलट प्रश्न पाठवले : थाळीचा मागचा भाग झिलईचा आहे की कोरा, फोटो मिळेल का, आणि कॅटलॉगमध्ये छापचित्रांसाठी सगळीकडे ‘इंचिझिओने’ हा एकच शब्द आहे, तर त्यातली आम्लाने कोरलेली कुठली आणि हत्याराने कोरलेली कुठली, कारण हिब्रूत दोन्हींना निरनिराळे शब्द आहेत. तिच्या सूचीतल्या क्षेत्रांत हस्तकला नव्हतीच. साहित्य होतं. तिलाच काम दिलं. काडीसुद्धा जागच्या जागी आहे, काकू.

टिंबटिंब, तुमचंही थोडं घेतलंय. इटालियन संस्थेने बनवलेला इंग्रजी सारांश संदर्भ म्हणून जोडलाय, अनुवाद त्यावरून करायचा नाही अशी तंबी देऊन. ज्युडाइकाच्या प्रकरणाला अजून कुणी मिळालेलं नाही, यरुशलेमच्या संग्रहालयाला पत्र गेलंय.

काटेकोर
प्रश्न विचारणारीला निवडलंत, उत्तम. तिचे प्रश्न आणि मूळ लेखकाची उत्तरं एका तक्त्यात जपून ठेवा, संपादकाला तोच तक्ता लागेल.

हैफाची_काकू
संग्रहालयाच्या पत्रात वस्तूंचे फोटो जोडलेत का? नसतील तर उद्याच पाठव. आणि सुट्ट्यांचा मोसम बघून मुदत दे. रोश हाशाना या ज्यू नववर्षापासून सुक्कोथचा सण संपेपर्यंत इथे कुणी पत्राला उत्तर देत नाही, ‘सणांनंतर’ एवढंच ऐकशील.

मधुमालती
फोटो नव्हते जोडले. आत्ता पाठवते.

आडकित्ता
पाठवताना उलटे नाहीत ना ते बघा.